मायकोरायझा वापरायचा तर कोणत्या क्रमाने? उसाच्या ट्रेपासून पूरबुड रानापर्यंत

मायकोरायझा घेतला, टाकला, फरक काही दिसला नाही. कोल्हापूर भागात ही तक्रार इतक्या वेळा ऐकायला मिळते की आता ती मुळापासून सोडवायला हवी. बहुतेक ठिकाणी माल खराब नसतो, क्रम चुकलेला असतो. डीएपी या स्फुरदाच्या खताच्या पोत्यात मिसळून टाकला, कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या आळवणीनंतर दुसऱ्या दिवशी सोडला, नाहीतर थेट फ्लॉवरच्या रोपांना दिला. या तिन्ही ठिकाणी पैसे वाया जाणारच.

सगळ्या पायऱ्या एका गोष्टीवर उभ्या आहेत. मायकोरायझा हे खत नाही. ती जिवंत मुळाच्या आत शिरून जगणारी बुरशी आहे. पीक तिला साखर देते. ती मुळाबाहेर कित्येक सेंटीमीटर तंतू पसरून स्फुरद (फॉस्फरस), जस्त आणि थोडे पाणी आणून देते. स्फुरद मातीत जागचा फारसा हलत नाही. मुळाच्या भोवतालचा एक-दोन मिलिमीटरचा पट्टा पिकाने शोषून रिकामा केला की पुढचा स्फुरद मातीत असूनही मुळाच्या हाती लागत नाही. तो आणायचे काम हे तंतू करतात. म्हणून बुरशी मुळाला लागलीच पाहिजे, आणि पिकाला तिची गरज वाटली पाहिजे. यातली एक गोष्ट जरी हुकली तरी पुढचे सगळे व्यर्थ.

## १. आधी ठरवा: तुमच्या पिकाला ती लागते का?

ऊस, मका, ज्वारी, सोयाबीन, भुईमूग, हरभरा, मिरची, टोमॅटो, वांगी, कांदा, हळद, आले, केळी, द्राक्ष, काजू, आंबा या पिकांच्या मुळांत ही बुरशी चांगली वाढते.

कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा, मोहरी यांच्या मुळांत ती शिरत नाही. पालक, बीट, राजगिरा, माठ यांचेही तसेच. या पिकांना कितीही भारी पाकीट दिले तरी उपयोग शून्य. भाजीपाल्याच्या रोपवाटिकेत मिरचीच्या आणि कोबीच्या ट्रेसाठी एकच मिश्रण भरण्याची पद्धत आहे. तिथे कोबीचा हिस्सा सरळ वाया जातो. दोन्ही मिश्रणे वेगळी ठेवा.

भाताचे थोडे वेगळे आहे. चिखलणी करून पाणी साठवलेल्या खाचरात हवा नसल्याने ही बुरशी फार कमी टिकते. आजरा, चंदगड, भुदरगडकडे धूळवाफ पेरणी करता किंवा कोरड्या गादीवाफ्यावर तरवा (भाताची रोपे) टाकता, तिथे सुरुवातीला ती मुळाला लागू शकते. तरीही भातासाठी मी खर्च करायला सांगणार नाही. तोच माल उसाच्या किंवा मिरचीच्या ट्रेत घाला.

तपासा: पाकिटावर 'पिसोलिथस' किंवा 'रायझोपोगॉन' ही नावे असतील तर ती पाइनसारख्या जंगली झाडांची बुरशी आहे, उसाला किंवा भाजीला ती लागू नाही. आपल्याला हव्या असलेल्या बुरशीची नावे ग्लोमस, रायझोफॅगस, फनेलिफॉर्मिस अशी असतात. जुन्या पाकिटांवर नुसते 'व्हॅम' लिहिलेले असते, तेही हेच.

## २. मातीतला स्फुरद मोजल्याशिवाय पाकीट फोडू नका

सगळ्यात जास्त वगळली जाणारी पायरी हीच. पिकाला स्फुरद कमी पडतो तेव्हा त्याची मुळे मातीत काही रसायने सोडतात आणि त्या खुणेवर बुरशी मुळाकडे येते. रानात स्फुरद भरपूर असेल तर पीक ही खूण जवळपास देतच नाही. साखर खर्चून बुरशी पोसायचे त्याला कारणच उरत नाही.

आपल्याकडे वर्षानुवर्षे प्रत्येक लावणीला आणि खोडव्याला (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा घेतलेल्या पिकाला) मिश्रखत, डीएपी, सुपर फॉस्फेट पडत आले आहे. त्यामुळे नदीकाठच्या काही उसाच्या रानांत स्फुरद साठून राहिला असण्याची शक्यता मोठी आहे. माती परीक्षणाच्या अहवालात उपलब्ध स्फुरद हेक्टरी २५ किलोंच्या वर असेल तर यंदा मायकोरायझा राहू द्या. त्याऐवजी स्फुरदाचे खत कमी करा, आपोआप पैसे वाचतील.

पश्चिमेकडचे तालुके वेगळे. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडच्या तांबड्या जांभ्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला घट्ट धरून ठेवतात. खत टाकले तरी पिकाला ते पूर्ण मिळत नाही. या मातीत मायकोरायझाला खरे काम असते. काजूचे, आंब्याचे कलम लावताना इथे तो जरूर वापरा. नमुना देताना माती आम्ल असल्याचे प्रयोगशाळेत सांगा, कारण आम्ल मातीचा स्फुरद मोजायची पद्धत वेगळी आहे.

शिरोळ, हातकणंगलेच्या क्षारपड, पाणथळ रानात आधी निचरा. चर काढल्याशिवाय मायकोरायझाचा विचारही नको, पाण्यात बसलेल्या मातीत ही बुरशी गुदमरते.

खबरदारी: लावणीच्या आठवडाभर आधी माती द्यायची आणि अहवाल यायच्या आत खत टाकून मोकळे व्हायचे, असे करू नका. नमुना दीड-दोन महिने आधी द्या, खते टाकण्यापूर्वीचा द्या.

## ३. विकत घेतलेला माल जिवंत आहे का?

पाकिटावर दर ग्रॅममध्ये किती बीजाणू (बुरशीचे बीजासारखे बारीक कण), उत्पादनाची तारीख आणि मुदत छापलेली असते. मुदत संपलेला, उन्हात ठेवलेला, दुकानाच्या पत्र्याखाली तापलेला माल घेऊ नका. पण छापील आकड्यावरून माल जिवंत आहे की नाही ते कळत नाही. ते कळायला कुंडीतली परीक्षा करावी लागते. ती सोपी आहे.

वाफेवर उकडलेली माती घ्या. घरच्या वापरातून काढलेल्या कुकरमध्ये तासभर, दोन दिवस लागोपाठ उकडली की पुरते. तीत निम्मी धुतलेली वाळू मिसळा आणि दोन कुंड्या भरा. एकीत चमचाभर माल बियांच्या खाली घाला, दुसरीत काही नको. दोन्हीत कांद्याचे किंवा मक्याचे बी लावा. बी औषध न चोळलेले हवे. बाजारातले मक्याचे गुलाबी-लाल बी बुरशीनाशक लावलेले असते, ते इथे चालणार नाही. ३० ते ३५ दिवसांनी मुळे काढा आणि पुढे सातव्या टप्प्यात दिले आहे तशी रंगवून पाहा. पहिल्या कुंडीतल्या मुळांत बुरशी आहे आणि दुसरीत नाही, तर माल चांगला.

मोठ्या क्षेत्रासाठी माल घेणाऱ्याने ही परीक्षा हंगामाच्या दीड महिना आधी केलीच पाहिजे. एकदा पैसे देऊन झाले की मग तक्रारीला अर्थ राहत नाही.

गैरसमज: शेणखतावर किंवा कोकोपीटवर आलेली पांढरी लव म्हणजे मायकोरायझा नव्हे. ती कुजवणारी बुरशी असते. मायकोरायझाचे मुळातले घर नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही.

## ४. ट्रे भरताना: इथेच निम्मे काम होते

हिशोब पाहा. दाणेदार मायकोरायझाची बरीचशी पाकिटे एकरी ४ किलो या मापात येतात. एकरावर फेकला तर चौरस मीटरला एक ग्रॅम पडतो, तोही वरच्या कोरड्या मातीत. मुळापर्यंत किती पोहोचणार? तोच ४ किलो माल एकरभर उसाच्या रोपांच्या ट्रेत घातला तर ४ बाय २ फुटांवर लागणाऱ्या साधारण ५,४०० रोपांना, तुटीची धरून ६,००० रोपांना, प्रत्येकी पाऊण ग्रॅमपेक्षा थोडा कमी मिळतो. आणि मिळतो तो अगदी पहिल्या मुळाच्या तोंडाशी. म्हणून माझे ठाम मत आहे: रोपे लावणाऱ्याने मायकोरायझा रानात टाकूच नये, ट्रेतच घालावा.

क्रम असा ठेवा.

१) कोकोपीट आधी धुऊन त्यातला खार काढून टाका आणि मुठीत दाबल्यावर पाणी गळणार नाही इतपत ओले ठेवा.

२) गांडूळ खत एकूण मिश्रणाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नको. त्यात स्फुरद भरपूर असतो, रोप हिरवेगार दिसते पण बुरशी लागत नाही. ट्रेच्या मिश्रणात डीएपी किंवा सुपर फॉस्फेट अजिबात नको.

३) एक डोळ्याच्या टिपऱ्यांची (उसाच्या बेण्याच्या तुकड्यांची) बेणेप्रक्रिया करून घ्या. बुरशीनाशकात १० मिनिटे बुडवल्यावर टिपरी सावलीत निथळून सुकू द्या. मग ॲसिटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंचे द्रावण. हे दोन्ही जिवाणू मायकोरायझाबरोबर सुखाने राहतात.

४) कप्पा निम्मा भरा, मायकोरायझा टाका, त्यावर मिश्रणाचा बोटाच्या पेराएवढा थर द्या, मग टिपरी ठेवून वरून झाका. माल टिपरीला चोळायचा नाही, कारण तिच्या सालीवर बुरशीनाशक शिल्लक असते. तो टिपरीखाली असावा, म्हणजे खाली उतरणारी मुळे त्यातूनच जातात.

उसाच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवा. टिपरीवरून सुटणारी पहिली मुळे थोड्या दिवसांची असतात. पुढे कोंबाच्या बुडातून कायमची मुळे येतात. बुरशी पहिल्या मुळांत बसली की तिथून कायमच्या मुळांत जाते. म्हणून ती पहिल्या मुळांना गाठणे महत्त्वाचे. उशिरा वरून ओतलेल्या द्रावणाने हे साधत नाही.

मिरची, टोमॅटो, वांग्याचे बारीक कप्पे असतील तर थर देणे जमत नाही. तिथे माल सगळ्या मिश्रणात सारखा कालवून घ्या. गादीवाफा असेल तर चौरस मीटरला १०० ग्रॅम माल, बी पडेल त्याच्या २ ते ३ सेंटीमीटर खाली.

तपासा: ट्रे उचलून बघा. खालच्या भोकातून पाणी सतत ठिबकत असेल तर पाणी जास्त होते आहे. मुळाला हवा नाही तर बुरशीलाही नाही.

## ५. ट्रेपासून रानापर्यंतचे तीन-चार आठवडे: काय टाळायचे

बुरशी मुळात बसायला तीन ते चार आठवडे लागतात. या काळातल्या चुका पुढे भरून निघत नाहीत.

रोपमर दिसली की हात कार्बेन्डाझिमकडे जातो. मायकोरायझाला सर्वांत घातक औषधांत त्याचा क्रम वरचा आहे. रोपमर बहुतेकदा जास्त पाण्याने येते, म्हणून आधी पाणी तोडा, ट्रे वाऱ्यावर ठेवा. तरी औषध लागलेच तर नुसत्या मेटॅलॅक्सिलची किंवा फोसेटिल ॲल्युमिनियमची आळवणी करा. ही औषधे पिथियमसारख्या वेगळ्या गटातल्या रोगकारकांवर काम करतात, मायकोरायझाला फारशी इजा करत नाहीत. दुकानात मेटॅलॅक्सिल बहुधा मँकोझेब या दुसऱ्या बुरशीनाशकाबरोबर मिसळलेले मिळते, त्यामुळे पुडीवरचे घटक वाचूनच घ्या. रोगाची खात्री नसेल तर कृषी महाविद्यालयात रोप दाखवा.

१२:६१:० किंवा १९:१९:१९ या स्फुरद असलेल्या विद्राव्य खतांची फवारणी-आळवणी या काळात बंद. पाने पिवळी पडली तर थोडा युरिया, तोही पातळ.

ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) वापरत असाल तर तो मायकोरायझाबरोबर एका बादलीत कालवू नका. शेणखतात मुरवून आधीच रानात टाका.

आणि गूळ-बेसनाच्या ड्रममध्ये मायकोरायझा 'वाढवायचा' प्रकार थांबवा. ट्रायकोडर्मा, जिवाणू गुळाच्या पाण्यावर वाढतात. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढतच नाही. ड्रममध्ये आठ दिवस ठेवलेल्या मालात भलतेच जंतू वाढतात आणि तिचे बीजाणू कुजतात.

## ६. रानात लावताना

ट्रेत काम झाले असेल तर रानात फक्त दोन गोष्टी सांभाळा. पहिली: स्फुरदाचे खत रोपाच्या बुडात नको. सरीच्या बाजूला, मुळापासून ५ ते ७ सेंटीमीटर दूर, मातीआड. परीक्षणात स्फुरद मध्यम आला असेल तर शिफारशीतला चौथा हिस्सा कमी करायला हरकत नाही. दुसरी: वाफशावर लावा, चिखलात नको.

टिपरीची थेट लावण असेल तर माल सरीच्या तळाशी, टिपरीच्या खाली, ओळीने पडला पाहिजे. ४ फुटी सरीत एकराला साधारण ३,३०० मीटर ओळ होते, म्हणजे ४ किलोतून मीटरला सव्वा ग्रॅम. एवढासा माल सारखा पडावा म्हणून तो चाळलेल्या कोरड्या मातीत किंवा वाळूत कालवून घ्या. रासायनिक खतात कालवू नका.

ठिबकातून सोडायचा विचार असेल तर थांबा. यातले बरेच बीजाणू फिल्टरवर अडकण्याइतके मोठे असतात, आणि जे सुटतात ते काळ्या मातीच्या वरच्या थरातच राहतात. उभ्या पिकाला द्यायचाच असेल तर पहारीने मुळाशी भोके पाडून त्यात द्या. हे फळझाडांना ठीक, उसाला परवडत नाही.

सोयाबीन, भुईमूग, हरभरा जिथे दरवर्षी होतो आणि रान कधी फार दिवस मोकळे राहत नाही, तिथे मातीतली मूळची बुरशीच पुरते. तिथे पाकिटाचा खर्च करू नका.

## ७. लागली की नाही, ते मुळात बघा

पाने काळीभोर झाली, फुटवे आले, यावरून बुरशी लागल्याचे ठरवता येत नाही. मूळच पाहायचे. जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक असतो. आगाऊ विचारून जा.

लावणीआधी ट्रेतली पाच-सहा रोपे निवडा. त्यांची बारीक, पांढरी, केसासारखी मुळे पाण्यात हळुवार धुवा. जाड मुळे नकोत. सेंटीमीटरभर तुकडे करा. १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या गरम द्रावणात ती पारदर्शक होईपर्यंत ठेवा. कोवळ्या मुळांना दहा-पंधरा मिनिटे लागतात, उसाच्या जुन्या मुळांना बरीच जास्त. पाण्याने चार-पाच वेळा धुवा. मग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ५ टक्के काळी किंवा निळी फाउंटन पेनची शाई घालून त्यात तीन मिनिटे उकळवा. शेवटी व्हिनेगरचे चार थेंब घातलेल्या पाण्यात वीस मिनिटे ठेवून जादा रंग उतरवा.

धोका: पोटॅशियम हायड्रॉक्साइड कातडी आणि डोळे जाळते. हातमोजे, चष्मा आणि प्रयोगशाळेतले जाणते माणूस सोबत हवे. घरच्या चुलीवर, मुलांच्या आसपास हे करू नका.

शंभरपट मोठे करून पाहिल्यावर मुळाच्या आत रंगीत तंतू, गोल-लांबट फुगे आणि पेशींमध्ये बारीक फांद्यांची झुडपे दिसतात. ही झुडपे म्हणजे देवाणघेवाणीची जागा. ५० तुकडे मोजा. २० ते २५ तुकड्यांत बुरशी असेल तर ट्रे लावायला योग्य. पाच-सहाच असतील तर स्फुरद, पाणी आणि बुरशीनाशक या क्रमाने चूक शोधा. मुळाच्या बाहेर चिकटलेले तंतू मोजू नका, आतले मोजा.

## ८. स्वतःचा वाफा: दरवर्षी पाकीट घ्यायचे नसेल तर

सुरू उसाची लावण जानेवारी-फेब्रुवारीत. त्यासाठी ट्रे डिसेंबरात. म्हणजे माल डिसेंबरच्या सुरुवातीला हातात हवा, आणि वाफ्यात मका (फक्त उसासाठीच वाफा असेल तर झेंडू) सप्टेंबरच्या मध्यावर पडला पाहिजे. माती मात्र एप्रिल-मेच्या उन्हातच तापवून ठेवावी लागते. त्यामुळे तयारी उन्हाळ्यात सुरू होते.

कमी स्फुरदाची माती आणि जाड वाळू निम्मी-निम्मी घ्या. शेणखत नको. वाफशाला आणून पसरा, पारदर्शक पातळ प्लॅस्टिक अंथरा, कडा मातीत गाडा, चार ते सहा आठवडे ठेवा. काळे प्लॅस्टिक घेऊ नका, त्याखाली माती तेवढी तापत नाही. पुढे पावसाळाभर झाकून ठेवा.

एक मीटर लांब, एक मीटर रुंद, ३० सेंटीमीटर खोल खड्डा करून आत प्लॅस्टिक अंथरा. पाणी साठू नये म्हणून तळाला थोडी भोके पाडा. २० सेंटीमीटरपर्यंत माती भरा. परीक्षेत पास झालेला एक किलो माल २ ते ५ सेंटीमीटर खाली पसरवा आणि औषध न लावलेला मका लावा. पेरताना २ ग्रॅम युरिया, २ ग्रॅम सुपर फॉस्फेट, १ ग्रॅम पोटॅश. ३० आणि ४५ व्या दिवशी १०-१० ग्रॅम युरिया. एवढेच. मका पिवळट, बुटका दिसेल. खत वाढवायचा मोह आवरा, आपल्याला कणीस नको, मुळे हवीत.

३० आणि ४५ व्या, याच दोन दिवशी मुळे रंगवून पाहा. ६० दिवसांनी पाणी पूर्ण तोडा. दहा-बारा दिवसांच्या ताणात बुरशी बीजाणू धरते. मग ताटे बुडातून कापा, मुळे खणून काढा, सेंटीमीटरभर तुकडे करा आणि त्याच मातीत मिसळा. सावलीत वाळवा. उन्हात नाही.

खबरदारी: मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी आले आहेत. तो सगळा वाफा टाकून द्या, ट्रेत जाऊ देऊ नका. ऊस आणि मका दोन्ही गवतवर्गीय, एकाचे मूळरोग दुसऱ्याला लागू शकतात. म्हणून फक्त उसासाठी वाफा करत असाल तर मक्याऐवजी झेंडू बरा.

घरचा माल पाकिटापेक्षा सौम्य असतो. ट्रेच्या मिश्रणात दहावा हिस्सा तो घाला. तागाच्या पोत्यात, थंड सावलीत, उंदरांपासून दूर ठेवा आणि पुढच्या हंगामाच्या आत संपवा.

## ९. बसलेली बुरशी टिकवायची कशी

लावणीनंतर खोडवा ठेवणे हे बुरशीच्या दृष्टीने सर्वांत चांगले. मुळे जिवंत राहतात, तंतूंचे जाळे शाबूत राहते. खोडव्यात पाचट जाळू नका, सरीत पसरून कुजू द्या. बगला फोडताना खोल जाऊ नका. दर हंगामात रोटाव्हेटर दोनदा-तीनदा फिरवला की जाळे तुकडे होते आणि पुढच्या पिकाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

ऊस मोडल्यावर रान महिनोन्महिने उघडे ठेवू नका. ताग, धैंचा, हरभरा, सोयाबीन, काहीतरी जिवंत मूळ राहू द्या. कोबी-फ्लॉवरनंतर लगेच मका किंवा ऊस घ्यायचा असेल तर रोपाबरोबर मायकोरायझा जरूर द्या.

पूरबुड रानाचे वेगळे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगा, कृष्णा, दूधगंगेकाठची रानं कित्येक दिवस पाण्याखाली होती. पीक कुजले, मुळे मेली, मातीत हवा नव्हती. अशा रानात मायकोरायझा फार घटतो. नंतर पेरलेला मका कोवळेपणी जांभळट पडतो, स्फुरद मातीत असूनही त्याला मिळत नाही. अशा वेळी डीएपीचा मोठा हप्ता देण्याची घाई करू नका. आधी निचरा आणि वाफसा. वर साचलेला गाळ हलक्या नांगरटीने खालच्या मातीत मिसळा. पहिले पीक मका, ज्वारी, हरभरा यांपैकी घ्या, मोहरी-मुळा नको. पेरताना बियांखाली मायकोरायझा आणि बाजूला थोडा स्फुरद द्या. पूर ओसरल्यावर घेतलेला मातीचा नमुना जुन्या अहवालाशी ताडून पाहा, कारण गाळाबरोबर स्फुरदही आलेला असू शकतो. उसाची नवी लावण त्या पिकाच्या मुळांत बुरशी दिसल्यावरच करा.